खिडक्या लावून शिकवायचं

१० ऑक्टोबर १९८३
माझा पोरगा सहदेव त्या पेटीला हातच लावत नाय! कालेजात आली त्या दिवशी मी शेजारच्या धोंडूबाईला सांगून आले होते — आमचा प्राध्यापक आता भिंतीवर नकाशे पाडणार! प्रोजेक्टर म्हणतात तिला. बाकीचे मास्तर बल्ब उडेल म्हणून भितात. पण ह्याला कालेजच्या मोठ्या साहेबांनी बजावलंय, "वीस तारखेला विद्यापीठाची माणसं येतील. तिच्यावर शिकवून दाखवा, तरच नोकरी कायम." हा आपला, "मला फळाच बरा!"

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी
सहदेवानं पेटी सरावाला टांग्यातून घरी आणली. कोयता, फाळ, पाटा — त्याच रांगेत मी पेटी मांडली नि हळदकुंकू लावलं. नेमकं काचेवर! उजेडात चित्र फिकं पडतं, म्हणून सहदेवानं खिडक्या लावल्या. भिंतीवर देशाचा नकाशा, नि वर माझं कुंकू परातीएवढं! नात जना हसून लोळली. "आजी, देशाला टिळा लावलास गं!" मीबी हसले.

तेवढ्यात सहदेव कागद घ्यायला वळला नि पूजेच्या ताटात पाय. मग दाराच्या चौकटीवर आपटला.

हसू गेलं माझं. अंधारात भिंतीवरचं उजळलेलं दिसतं त्याला, पायाजवळचं नाय. रातांधळा हाय, बापासारखा. दहा वर्षांचा असताना मीच शपथ घातली — कुणाला बोलायचं नाय, पोरगी देणार नाय कुणी. सून इंदूलाबी आजवर सांगितलं नाय. फसवलं मी तिला.

१६ ऑक्टोबर
दसरा. सोनं द्यायला वाकला तेव्हा म्हटलं, "साहेबांना खरं सांग रं."
"शपथ कुणाची हाय, आई?"
"मग मीच सोडवते."
तो उठून गेला. श्रीखंड तसंच ताटात.

१९ ऑक्टोबर
उद्या. त्याचा सदरा धुऊन वाळत घातला.

२० ऑक्टोबर
सहदेवानं सांगितलं! सगळ्यांसमोर! साहेब म्हणाले, "बटणं शिपाई दाबेल, एक खिडकी उघडी ठेवा. तुम्ही बोला." तासभर बोलला. पाहुण्यांनी पाठ थोपटली. नोकरी कायम झाल्याचा कागद महिन्यानं येईल.

पण इंदूला सांगायचं राहिलंय. जीभच उचलत नाय.

२१ ऑक्टोबर
सांगितलं. इंदू तांदूळ निवडत होती, मान वर केली नाय.
"आत्याबाई, लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं मला. तुमी कधी सांगता, तेच बघत होते."