मालक हो म्हणाले

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात बसूनच केला, पण भाव वाकलेलाच समज.) तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? लेक परदेशी गेल्यापासून तू ताट घेऊन टीव्हीसमोर बसतेस आणि बातम्या देणाऱ्या बाईशी बोलत जेवतेस, हे मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं म्हणजे आम्ही घर घेतोय, आणि मी भयंकर घाबरले आहे.

आमचा रविवारचा छंद तुला ठाऊकच आहे. लोक बागेत जातात, आम्ही विकाऊ घरं बघायला जातो. मास्तर (म्हणजे तुझे मेहुणे, सगळी शाळा त्यांना मास्तर म्हणते, मग मीच का मागे राहू?) पावलांनी खोल्यांची मापं घेतात. मी नळ सोडून बघते आणि कपाटांत नाक खुपसते. मग बाहेर येऊन, कुणीही शहाणा माणूस विकणार नाही अशी किंमत मास्तर गंभीर चेहऱ्याने सांगतात. मालक नाही म्हणतो. आम्ही तोंडं पाडून कोपऱ्यापर्यंत चालतो, आणि कोपरा वळला की सुटलो एकदाचे म्हणून आइस्क्रीम खातो. इतकी वर्षं आमचा संसार या नकारांवर सुखाने चालला होता. भाड्याचं घर गळलं की घरमालकाला नावं ठेवायची, आणि स्वतःच्या घराची हौस दुसऱ्यांच्या घरात भागवायची. (ज्याचं घर नाही त्याचं छप्पर कधी कोसळत नाही.)

गेल्या महिन्यात गल्लीच्या टोकाचं एक बैठं घर बघितलं. पुढे दोन पायऱ्या, मागे कपडे वाळत घालायला जागा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत आणि भिंतीवर एक मांजर. मालक पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. बायको गेल्यापासून त्यांना तिथे राहवत नाही. स्वयंपाकघरात भांडं पडलं की अजून हाक मारतात, काय पडलं गं? मास्तरांनी नेहमीसारखी किंमत सांगितली. सोमवारी मी दुकानात एका आजोबांना चष्म्याची फ्रेम लावून दाखवत होते, तेवढ्यात एजंटबाईंचा फोन आला. "अभिनंदन मॅडम! मालक हो म्हणाले." ताई, फ्रेम आजोबांच्या नाकाऐवजी कपाळावर बसली. मास्तरांना शाळेत फोन केला. ते हळूच म्हणाले, "का?"

संध्याकाळी एजंटबाईंनी पुढचं सगळं समजावलं. आधी इसार द्यायचा. मग इंजिनिअर घर तपासणार, बँक कर्जाचं बघणार आणि घराची किंमत करायला स्वतःचा माणूस पाठवणार, वकील कागद चाळणार, मग विमा, सह्यांच्या आधी घर पुन्हा एकदा फिरून बघायचं, आणि शेवटी चावी. सह्या होईपर्यंत नवं काही हप्त्यांवर घेऊ नका, नोकरी सोडू नका, हेही बजावलं. (तेव्हापासून मास्तर बनियनसुद्धा घेत नाहीत आणि मुख्याध्यापक दिसले की लांबूनच नमस्कार करतात.) मास्तरांना घाम फुटला, मला मात्र धीर आला. एवढी शिकलेली माणसं मध्ये आहेत, एखादा तरी नाही म्हणेलच की!

इंजिनिअर अबोल निघाला. मोरीत उकिडवा बसला, छपरावर चढला, भिंतींवर टकटक करत फिरला. मी शेपटासारखी मागे. एका भिंतीला ओल दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकावं लागलं. "भिंत पडेल ना?" मी विचारलं. "पडेल की," तो म्हणाला, "सगळंच पडतं कधीतरी. पण ही तुमच्या-माझ्यानंतर." न्हाणीघराचा पाइप बदला, बाकी घर धडधाकट आहे, असं सांगून तो गेला. पाइप मी बदलून देतो, असं मालकांनी लगेच म्हटलं. (माणसाने इतकं सज्जन असू नये. समोरच्याची पंचाईत होते.)

बँकेत मी मन घट्ट करून सगळं खरं सांगितलं. मास्तरांना पित्त आहे, माझी पाठ धरते, आम्ही दोघंही स्वभावाने भित्रे आहोत. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, भित्री माणसं हप्ता चुकवत नाहीत." कर्ज मंजूर. मग विमावाले आले. तोवर मला फक्त कर्जाची भीती होती. त्यांनी आग, पूर, वीज, भूकंप आणि शेजारच्यांचं झाड अशी एकेक भीती अदबीने समोर मांडली, जणू साड्याच दाखवतायत, आणि मी सगळ्या घेतल्या. आता रात्री पंखा कुरकुरला तरी मी उठून बसते. तोही भाड्याच्या घरातला पंखा, माझा नव्हेच.

आणि मग वकीलबाईंनी बोलावलं. घर वडिलांच्या पश्चात मालक आणि त्यांची बहीण अशा दोघांच्या नावावर आहे. आधी तयार असलेली बहीण आता सही करणार नाही म्हणते, आणि तिच्या सहीशिवाय काही होणार नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघा, नाहीतर इसार परत घ्या आणि दुसरं घर शोधा. म्हणजे अखेर नकार मिळाला! आम्ही बाहेर आलो, कोपरा वळलो, समोर आइस्क्रीमची गाडी. "घ्यायचं का?" मास्तर म्हणाले. आणि ताई, मला रडू फुटलं. भर रस्त्यात, पर्समध्ये तोंड घालून. मनातल्या मनात मी त्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डबे लावून बसले होते गं, पिठाचे खाली, डाळींचे वर. मांजराला एक नावही ठेवलं होतं. (मास्तरांचंच ठेवलं होतं, त्यांना सांगू नकोस.) भीती तीच होती, पण आधी घर मिळेल याची, आता हातचं जाईल याची. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. आइस्क्रीम कुणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेऊन त्या बहिणीकडे गेले. मी! जी रिक्षावाल्याकडे सुटे पैसे मागताना चाचरते. निवृत्त नर्स आहेत, ताठ बाई. दार उघडून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू इंजेक्शन कुठे द्यायचं ते ठरवतायत. चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं, "घराचं मला काही नाही. पण ते विकलं की तो माझ्याकडे राहायला येणार. परवाच कपड्यांची पेटी कुठे ठेवू म्हणून विचारत होता. जन्मभर मी रात्रपाळ्या केल्या, आता कुठे माझी मी झोपते. तो पहाटे उठून सगळ्यांना विचारतो, झोप लागली का? लागलेली असते हो!" मग माझी कपबशी उचलत म्हणाल्या, "भाऊ माझा जीव आहे. म्हणूनच लांब असलेला बरा. त्याची कुठे चांगली सोय लावा, मी उभ्या उभ्या सही करते."

तर असं आहे. सोय लागली नाही तर घर गेलं. बाकी विशेष काही नाही. तुझी फार आठवण येते. लहानपणी अंधारात पाणी प्यायला जायचं तर तू पुढे आणि मी तुझ्या परकराचं टोक धरून मागे, तशी आत्ता गरज आहे. प्रकृतीला जप.

तुझी धाकटी

ता. क. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना? सहज विचारलं. तिला वेगळं दारही आहे.

ता. क. दुसरा. मास्तर म्हणत होते, मालकांना आपल्याकडेच राहू दे. मी म्हटलं, मग त्यांनी घर विकलं काय आणि आपण घेतलं काय, पाहुणे आपणच! शिवाय त्यांना त्या स्वयंपाकघराचाच त्रास होतो. गृहस्थ निर्व्यसनी आहेत, भाजी उत्तम निवडतात, आणि जेवताना समोर कुणीतरी बोलणारं असलं की दोन घास जास्त खातात. पहाटे मात्र उठतात. पण तूही उठतेसच, आणि तुला झोप लागली का हे विचारणारं सध्या कुणी नाही.

ता. क. तिसरा. रागावू नकोस. शनिवारच्या सकाळच्या बसने ते खोली बघायला येतायत. मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलं आहे. पेटी सोबत आहे.