दांडी कुणाच्या उंचीला

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय लेटलतीफ,

या वेळी उशीर माझ्याकडून झाला, रागावू नकोस. बदलीच्या गावी घर घेतलंस, 'येशील का कायमची?' असं सरळ विचारलंस आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले. लिहायला बसलं की शेजारच्या खोलीत हातोडा सुरू व्हायचा, हे कारण खरं आहे. पण पुरेसं नाही, हे मलाही कळतं.

आईनं घराचं काम काढलं आहे. म्हातारपणी कुणाचा हात न धरता वावरता यावं असं घर हवं, म्हणाली. उंबरठे काढले, दारं रुंद केली, न्हाणीघरात खरखरीत फरशी बसवली. मला आधी बरंच वाटलं. पण तू मला उगाच शंकेखोर म्हणत नाहीस. दिवसभर पाण्याचे नमुने तपासणारी बाई मी; बाटलीतलं पाणी फार नितळ दिसलं की ते कुणी भरलं, कुठून भरलं, हे आधी विचारते. न्हाणीघरातली आधाराची दांडी पाहिली आणि तसंच झालं. ती फार खाली होती. स्वयंपाकाचा नवा ओटाही बुटका. आई माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, हे तू पाहिलं आहेस. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, काकूंनी स्वतः टेप लावून खुणा केल्यात. बोटभर इकडेतिकडे झालं तर मला फाडून खातील."

आईच्या हातून मापात चूक होईल? जन्मभर तिनं लोकांचे कपडे शिवले. अंगावर माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तिचा धर्म. मग हे माप कुणाच्या अंगावरचं? माझा पहिला संशय मावशीवर गेला. ती ठेंगणी आहे, सुनेशी तिचं पटत नाही, आणि आई हल्ली फोनवर बोलताना मी आले की "ठेवते गं" म्हणते. मावशी इथं राहायला आली तर घरात शब्दाला जागा उरणार नाही. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "तू पाण्यातले जंतू शोध, आईचे नको शोधूस." त्याचं हसणंही मला जरा जास्तच मोकळं वाटलं.

मग एके दुपारी घरात कुणी नसताना मी न्हाणीघरातल्या नव्या बाकावर बसून पाहिलं. पाय जमिनीवर सपाट टेकले. उठताना हात आपोआप बाजूला गेला आणि दांडीवर पडला. डावा हात. घरात डावखुरी मी एकटीच. गेल्या महिन्यात आईनं "नवा कुर्ता शिवते" म्हणून मला उभं केलं होतं, बसवलं होतं. कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला तेव्हा, 'कुर्त्याला हे कशाला?' असा प्रश्न मला पडला नाही. हवा तिथे संशय येत नाही, बघ.

तिला विचारलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढत म्हणाली, "तुझ्या भावाला बायको आहे, पोरं आहेत. तू म्हातारी झालीस की तुला कोण दांडी लावून देणार? मी असेपर्यंत करून घेतेय." मी म्हटलं, "आणि तुझं काय?" तर म्हणते, "माझं काय, मी भिंत धरून जाते की."

मला रडू यायला हवं होतं. आलाही हुंदका. पण त्याच्या मागोमाग दुसरा संशय आला, आणि त्याची मला लाज वाटते. तुझी पत्रं दारातून तीच उचलून आणते, आणि काम निघालं ते तुझ्या त्या पत्रानंतर. तिला समजलं असेल का? ही माया आहे की मला इथं पक्कं बसवायची तजवीज? दोन्ही असू शकतं. एकाच हाताने माणूस कुरवाळतो आणि धरूनही ठेवतो. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, पण तिथून काही निघालं नाही.

परवा सकाळी न्हाणीघरातून धप्प आवाज आला. दार ढकललं तर आई ओल्या फरशीवर बसलेली. तोल जाताना तिनं आपल्या उंचीला हात टाकला होता; तिथे नुसती भिंत. "काही नाही गं, बसले जरा," म्हणाली. मनगट सुजलं आहे, हाड शाबूत आहे.

खरं सांगते, हे पत्र मी नकाराचं म्हणून लिहायला घेतलं होतं. तिनं एवढं केलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं लिहिणार होते. पण मी इथंच म्हातारी होणार असं तिला वाटतं तोवर ती ती दांडी हलवू देणार नाही. आणि असं आधाराचं घर आज तिला हवं आहे, मला नाही. म्हणजे मी येते आहे, हे तिला सांगावंच लागेल. हा युक्तिवाद मला फार सोयीचा पडतो, म्हणून मी तो उलटसुलट तपासला; खोट सापडली नाही. तिच्या सोबतीचं मी आणि भाऊ मिळून बघू, त्यानंतर मी निघेन. तर उत्तर हो आहे. 'आईजवळ राहायला येतेस का?' असं मावशीलाही विचारणार आहे, आणि हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

तुझीच,
शंकेखोर

उद्याचं काम: आईला उभं करून तिचं माप घेणे.