मधलं मेज आणि तुमची जागा

आबा,

लिहायला फार उशीर झाला, राग मानू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली की तुम्हाला पाहिलेली माणसंही गावात मोजकीच उरली. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मीच आता म्हातारा झालो आहे. पंतोजींकडे जेवढं गिरवलं तेवढ्याच बळावर लिहितो आहे. काना-मात्रा चुकेल, पण तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं, एवढाच धीर आहे. घरात एक मेज आलं आहे. ते कुठं ठेवावं, एवढंच विचारायचं आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण त्यापायी मला अन्न गोड लागेनासं झालं आहे.

तुमचा नातू, जो तुम्ही पाहिला नाही, तो कचेरीत कारकून झाला. उजवीकडून डावीकडे भराभर उर्दू लिहितो आणि मी शेजारी बसून नुसता बघतो. आपल्या घरातल्या हाताला हे येतं यावर अजून विश्वास बसत नाही. त्याचे तहसीलदारसाहेब येत्या गुरुवारी दौऱ्यावर येताना आपल्या घरी चहाला थांबणार आहेत. पोरगा म्हणाला, "दादा, साहेबाला घोंगडीवर बसवू का? खुर्च्या शाळेतून मागून आणतो, पण मेज पायजे." हा शब्द आपल्या घरात इतक्या वर्षांत निघाला नव्हता. का ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे सांगतोच.

आंबेजोगाईला, सरकारी कागदात ज्याला मोमिनाबाद म्हणतात तिथं, छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला रिकामा होत होता आणि सामानाची हर्रास होती, एकेका वस्तूवर बोली लागणार होती. आम्ही बापलेक गेलो. सगळं सामान भिंतीकडेला सरकवलेलं होतं, कपाटं, आरसे, पलंग. फक्त एक गोल मेज दिवाणखान्याच्या मधोमध तसंच उभं होतं, जणू आधी ते ठेवलं आणि मग त्याच्याभोवती खोली बांधली. पोराला खणांचं लिहायचं मेज हवं होतं. तो तिकडे गेला आणि मी या गोल मेजापाशी थांबलो तो थांबलोच. काळपट तांबडं लाकूड, पिढ्यान्‌पिढ्या पुसून आलेली झळाळी. चार पाय, प्रत्येक पायाच्या शेवटी वाघाचा पंजा, आणि पंज्याला नख्यासुद्धा. धर्मापुरीच्या देवळातल्या दगडी बायकांच्या पायांची बोटं दाखवायला तुम्ही मला खांद्यावर घेऊन गेला होतात ना, तसंच काहीसं झालं. कुणीतरी कुठंतरी बसून लाकडातून नखी काढली, आणि ती कुणी वाकून बघेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. मी हात मागे बांधून बघत होतो. तिथला म्हातारा खानसामा हसला. "बड़े मियाँ, हाथ लगाके देखो. काटता नहीं." मी बोट लावलं. थंड, आणि इतकं मऊ की लाकूड आहे हेच विसरावं. पोराला हाक मारली आणि म्हणालो, हेच घ्यायचं. त्यानं खणांचं मेज सोडलं आणि याच्यावर बोली लावली. माझा आवाज त्याला वेगळा वाटला असावा.

गाडीत गोधड्या अंथरल्या, वर गोधड्या, मध्ये मेज. खड्डा आला की मी उतरायचो आणि एकेक पंजा चाचपायचो. गाडीवान माझ्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा. तो वैतागला. "कावून बे, सारखा उतरायलास? मेज हाय का बाळंतीण?" मी म्हणालो, बैल जरा हळू घे. तो म्हणाला, "आता ह्याच्यापरीस हळू गेलो तर बैल झोपतील की!" वाटेत जो भेटला त्याला त्यानं ही बाळंतीण दाखवली. गावात शिरेपर्यंत निम्म्या लोकांना कळलं होतं.

मग घर. आबा, तुमची जागा मी सांगायला नको. बैठकीच्या मधोमध, माळवदाच्या साण्याखाली, जिथं वरून उजेडाचा कवडसा पडतो, तिथं शेवटच्या घटकेला तुम्हाला बाजेवरून खाली घेतलं होतं. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दहा दिवस तिथं दिवा होता. दिवा उठला, पण माय उठली नाही. रोज सकाळी ती जागा ती वेगळी सारवायची, हातानं, आणि नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घोटत बसायची. तिथं कुणी पाय दिला नाही, कुणी बसलं नाही. ती गेल्यावर तुमच्या सुनेनं तो गोटा उचलला. आपल्या घरातली लेकरं रांगायला लागली की आधी त्या जागेला वळसा घालायला शिकली.

म्हणून मी मेज भिंतीशी ठेवलं. हललं. एक पंजा जमिनीला टेकेना. पायाखाली खापरी घातली, तर दुसरीकडून डुगडुगलं. दाराशी नेलं, कोनाड्याखाली नेलं, खांबापाशी नेलं. मी पेलाभर पाणी वर ठेवायचो आणि प्रत्येक ठिकाणी ते काठावरून सांडायचं. डोळ्यांपुढे साहेबांच्या पांढऱ्या पायजम्यावर चहा सांडलेला दिसायला लागला आणि पोराची नोकरी गेलेली दिसायला लागली. पोरगा शेवटी म्हणाला, "दादा, ते मधलंच मेज हाय. ते मधीच बसणार." तुमची सून चुलीपुढून उठून आली. "तिथं न्हाई. मामंजी हायेत तिथं." पोरगा म्हणाला, "आई, आजोबाला जाऊन जमाना झाला." ती म्हणाली, "तुला झाला आसंल. मी सकाळीच सारवलंय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला तुमचा तो दिवस आठवला. कचेरीत अर्जासाठी उभं राहून राहून तुमचा तोल गेला होता, तुम्ही आधाराला मेजावर हात टेकला, आणि पलीकडचा कारकून मान वर न करता म्हणाला, "हात काढ." तुम्ही काढलात. घरी येईपर्यंत तो हात तुम्ही धोतराला पुसत होतात. त्यानंतर मेज हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारला नाही. आता त्या वस्तूचे पाय तुमच्या जागेवर रोवायचे, हा तुमचा अपमान की आणखी काही, हे मला ठरवता येईना. मी म्हणालो, एकदा ठेवून बघू, पाण्यापुरतं.

आम्ही बापलेकांनी उचलून ठेवलं. तुमच्या सुनेनं तोंड फिरवलं. मी पेला ठेवला, काठोकाठ भरलेला. एक थेंब सांडला नाही, आबा. मी मेजाला धक्का दिला, पोरानं दिला. चारही पंजे जमिनीत उगवल्यासारखे. मी खाली बसून हात फिरवला तेव्हा कळलं. साऱ्या घरात तेवढीच जमीन सपाट आहे. आधी माय आणि मग ही, दोघींनी एका गोट्यानं इतकी वर्षं घोटून तुमच्याखालची जमीन ताटासारखी केली, आणि त्यांनी सुद्धा ते कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात ऊन साण्यावर आलं. कवडसा थेट मेजावर पडला आणि उजेड उलटा वर गेला. धुरानं काळ्या झालेल्या तुळया, त्यांवर आडव्या घातलेल्या लाकडी किलचा, कधी कुणी न पाहिलेले कोपरे, सगळं तांबूस उजळलं. पेल्यातल्या पाण्याचा एक गोल तुकडा छताला थरथरत होता. तुमची सून वळली, वर बघितलं, आणि पदर सावरून तिनं हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

पण नंतर ती म्हणाली, "सुंदर हाय. पण मी उद्या सारवू कुठं?" साहेब येतील, चहा पितील, कदाचित कोपर टेकतील. ते चालेल का, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? स्वप्नात या, नाहीतर तिच्या स्वप्नात जा, तिचं मी ऐकतो. हे पत्र टपालात टाकण्याजोगं नाही, म्हणून पेटीत ठेवणार आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. घरात कुणी नसताना मी त्या मेजावर दोन्ही हात टेकून उभा राहतो, बराच वेळ. तुम्ही नाही म्हणालात तर ते तिथून हलवायचं बळ माझ्यात आहे असं वाटत नाही. म्हणून गुरुवारच्या आत काय ते कळवा, आबा. जमलं तर हो म्हणून कळवा.