राखाडी सशिणीचं खोपटं

वारेसे

लाडक्या ओर्नेल्ला,

तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे, काळजी नको.

प्रयोगशाळेत मी सांभाळतो त्या सशांच्या डोळ्यांत रसायन घालण्याऐवजी कंपनीनं या वेळी काचेत वाढवलेल्या पेशींवर तपासणी केली. निकालही चोख आला. पण पेशींच्या उबदार कपाटातल्या थर्मामीटरची फेरतपासणी राहून गेली होती, म्हणून सगळंच बाद. "एर्मान्नोकाका, शिव्या घाला मला, पण मी या निकालावर सही करणार नाही," म्हणाली तपासनीस इलारिया, आणि रडली. तिचं बरोबरच आहे गं. अशी सूट दिली तर नव्या पद्धतीवर विश्वास कोण ठेवेल?

कंपनी पुन्हा सशांकडे वळली. ससे लागले नसते तर तुझ्यासाठी मागितलेली राखाडी सशीण मिळणार होती, ती आता सुटत नाही.

अंगणातलं तिचं खोपटं इतक्यात मोडू नकोस. आज तिच्या पिंजऱ्यात पाणी भरायला गेलो, तर चाहूल लागताच जाळीशी आली, रोजच्यासारखी.

तुझाच दादा,
एर्मान्नो