स्किमर लागतो की नाही

प्रिय आल्मुट,

तुझ्या बाबांच्या टाकीतले मासे ठणठणीत आहेत, हे आधी सांगते, कारण फोनवर तू माझ्याआधी त्यांचीच चौकशी करतेस. स्किमर मात्र कार्निव्हलच्या आठवड्यात बंद पडला. टाकीमागचं ते उंच नळकांडं गं, खाऱ्या पाण्यात बुडबुडे सोडून सगळी घाण फेसाबरोबर वरच्या पेल्यात आणणारं. बाबा गेल्यापासून तो पेला मीच धुतेय, आणि त्या वासाला अजून नाव सुचलेलं नाही.

नवा घ्यावा का, एवढंच मी मत्स्यमंडळात विचारलं. तुला मंडळ ठाऊकच आहे, तिथे खिडकी उघडायची तरी हात वर करून मतदान होतं. अध्यक्ष डेटलेफ म्हणाले, स्किमर नसलेली टाकी म्हणजे गटार. लगेच ब्रोकमान उभे राहिले. आपल्या चर्चचा ऑर्गन सुरात लावतात ना, ते विधुर. मासे मोजके ठेवा, पाणी वेळेवर बदला, मग ते यंत्र हवंय कशाला, हे ते वर्षानुवर्षं सांगताहेत. "रोज सांगितल्याने ते खरं होत नाही, विनफ्रीड," डेटलेफ म्हणाले. शेवटी ठराव झाला: ईस्टरआधीच्या बैठकीपर्यंत माझी टाकी स्किमरशिवाय चालवायची आणि दर रविवारी ब्रोकमानांनी येऊन पाणी तपासायचं.

तपासणी म्हणजे बाटलीत थेंब टाकून रंग बघायचा, लाल झाला की पाणी बिघडलं. कॉफी उकळण्याआधी संपते. पण रविवारी दुपारी दारात आलेल्या माणसाला केक न देता कसं पाठवणार? पहिल्यांदा ते टोपी मांडीवर घेऊन बसले. पुढच्या खेपेला टोपी खुंटीवर गेली. मग तुझ्या पियानोची बेसूर पट्टी त्यांनी न विचारताच लावून टाकली.

पाणी दर वेळी उत्तम. इतकं, की मला धास्ती वाटू लागली. प्रयोग यशस्वी झाला की त्यांचं येणं संपलं. म्हणून निकाल जरा बिघडावा अशा बेताने मी माशांना दुप्पट खाऊ घातला. खोटं बोलू नये, हे मठातल्या शाळेत सिस्टर फिलिबेर्टांनी शिकवलं होतं. माशांच्या जेवणाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. रविवारी बाटली लाल झाली. ब्रोकमानांनी ती उजेडात धरली, फुगलेल्या माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि केकचा आणखी एक तुकडा मागितला.

काल बैठकीत त्यांना निकाल विचारला. स्किमरच्या बाबतीत जन्मात न डगमगलेला हा माणूस उठून म्हणाला, "अजून नक्की सांगता येत नाही. बरेच रविवार लागतील."

म्हणून हे पत्र. ईस्टरला तू येशील तेव्हा विनफ्रीडही जेवायला असतील. त्यांना बाबांच्या खुर्चीत बसवावं, असं माझ्या मनात आहे, पण तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तर रागावणार नाही. नवा स्किमर आणीन, मग रविवारी पाणी तपासायला कुणी यायला नको.

तुझीच, उत्तराची वाट बघणारी,
आई