इतरांच्या वाट्याची बिअर

सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

मामा-मामींना माझा नमस्कार सांग. तुला करत नाही. तुला नमस्कार केला की तू मागे वळून बघतोस, कुणाला केला म्हणून. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबा परवा स्वतःच्या चष्म्यावर बसले. तो चष्मा लवकरच मामांच्या दुकानात तुझ्या हातात पडेल, तेव्हा काच नीट घास आणि त्यांना काही बोलू नकोस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "बरं" म्हणतोस, आणि त्यातून मला काही कळत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा सावकाश वाच.

मोठी बातमी अशी, की काल वसतिगृहाच्या सभेत आजोबांना निवृत्त केलं.

हो, आपले आजोबा. दोन कानांचा तो पितळी चषक. आता त्यात छत्र्या ठेवल्यात. यंदाच्या नव्या मुलींना मी जुनी पद्धत समजावून सांगत होते. स्वागताच्या संध्याकाळी नवीन आलेल्याने कँटीनच्या टेबलावर उभं राहायचं, बिअरने काठोकाठ भरलेले आजोबा एका दमात रिकामे करायचे आणि बाकीच्यांनी पाय आपटायचे. एकीने विचारलं, नाही जमलं तर? मी म्हटलं, मग पुन्हा भरायचे. "पण का?" ती म्हणाली. दादा, इतकी वर्षं ते चाललं आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मागच्या वर्षी माझ्या वेळी सगळं मरगळलेलंच होतं. अर्ध्यांनी पाय आपटले, अर्धे जेवत राहिले. मी एक घोट घेऊन आजोबा खाली ठेवले, तरी कुणी ओरडलं नाही. यंदा तर तू इथलं काहीच ओळखणार नाहीस. आमच्या मजल्यावरच्या फ्रीजमध्ये बाटल्यांच्या जागी ताक, लिंबं आणि एका मुलीने आंबत ठेवलेला चहाचा बुधला आहे. तो बुधला अधूनमधून फसफसतो आणि सगळ्या त्याला घाबरून असतात. गल्लीच्या टोकाच्या बारवाल्याने पुढची टेबलं बुद्धिबळाला देऊन टाकली. तो म्हणतो, पोरं कॉफी मागतात आणि दुपारभर उठत नाहीत, माझं दुकान म्हणजे वाचनालय झालंय. तक्रारीच्या सुरात म्हणतो, पण घोडा कसा चालतो ते स्वतः शिकून घेतलंय त्याने.

सगळे साधू झालेत असं समजू नकोस. पिणारे आहेत. थोडी पितात, आपापल्या पैशांनी, आणि दुसऱ्याच्या ग्लासात बघत नाहीत. काही जण खोलीत एकटे पितात, त्यांची मला काळजी वाटते. पण न पिणाऱ्याला आता कारण द्यावं लागत नाही. कुणाला सकाळी पळायला जायचं असतं, कुणाची नोकरी असते. माझ्या वर्गातला एक जण म्हणाला, "मी प्यायलो की फार कंटाळवाणा होतो." दुसरी म्हणाली, सगळ्यांच्या हातात फोन, आज पडलेली मी उद्या आईला दिसणार. ऐकताना मी इतकी हसले, आणि मग एकदम तुझी आठवण आली. तू सहा वर्षं उशिरा जन्मला असतास तर, असं काहीतरी डोक्यात आलं. ते जाऊ दे.

सभेचं सांगते. रविवारी दुपारी, कँटीनमध्ये. ठराव माझा होता: कुणालाही प्यायला लावायचं नाही, आजोबा बंद. आठवडाभर मी झोपेतसुद्धा भाषण करत होते. धास्ती होती ती वकिलाची. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण बोलतो असा की जणू समोर न्यायाधीश बसलेत. तो उठलाच. म्हणाला, परंपरा मोडायची तर नुकसान दाखवा. मग म्हणाला, "आपला टाकी बघा. एकामागून एक दोन आजोबा रिचवायचा. त्याला काय झालं?"

सगळे हसले. एका नव्या मुलाने शेजारच्याला विचारलं, टाकी खरंच होता का? त्याला वाटत होतं ती नुसती गोष्ट आहे.

भाषणाचा कागद माझ्या हातात होता. त्यातलं एक अक्षरही मी वाचलं नाही.

दादा, हे पत्र मी सकाळपासून तीनदा सुरू केलंय. दर वेळी फ्रीज, बारवाला, बुधला इथपर्यंत मजेत येते आणि पेन थांबतं. आता लिहून टाकते. मी त्यांना सांगितलं. टाकी माझा भाऊ आहे, म्हणाले. शेवटच्या वर्षी सकाळी प्यायल्याशिवाय त्याचा हात स्थिर राहत नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये तो बाकावरून खाली पडला आणि बाबा त्याला घरी घेऊन आले. मग हॉस्पिटल. आता तो चष्म्याच्या काचा घासतो, आणि त्याचा हात जराही हलत नाही. एवढं सगळं मी बोलले, उभ्या उभ्या, तुला न विचारता.

तू घरी आलास तेव्हा माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होतीस, की तिथे कुणाला सांगू नकोस, त्यांना मी हसरा आठवू दे. राहिलेलं वर्ष पूर्ण करायला इथे परत यायला मागच्या महिन्यात तयार झालास, तेही याच अटीवर. अट मी मोडली.

आणि गरजही नव्हती. मतदान झालं तेव्हा एकही हात विरोधात नव्हता. वकिलाचा हात तर सगळ्यांत आधी वर. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. तो कान खाजवत म्हणाला, सभा फार मिळमिळीत चालली होती, कुणीतरी विरोधात बोलायला हवं म्हणून बोललो. वर म्हणाला, माझं स्वतःचं दोन घोटांत डोकं दुखतं. मी त्याला काय काय म्हटलं ते आईला कळू देऊ नकोस. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि माफी मागितली. माझ्याआधी ती तुझ्याकडे मागायला हवी, असंही म्हणाला.

पण मतदानाच्या आधी एक झालं. ते झालं नसतं तर मी आज इतक्या आनंदात नसते. आनंदात आहे, दादा, हे लपवून काय करू?

मी बोलून खाली बसले. मग मागच्या बाजूला एक जण उठला. रसायनशास्त्रात संशोधन करतो, आता वॉर्डनच्या हाताखालीही काम बघतो. उंच, थोडा पोक काढून चालणारा. तुला त्याचा चेहरा आठवेल की नाही माहीत नाही. म्हणाला, "माझा वाटा त्याने प्यायला होता."

त्याने सांगितलं, की त्याच्या स्वागताच्या संध्याकाळी तो टेबलावर उभा होता, रडत होता, आजोबा हातात आणि खाली पाय आपटणं चाललेलं. तू टेबलावर चढलास, त्याच्या हातातून आजोबा घेतलेस आणि म्हणालास, "याचं माझ्याकडे." मग त्याच्यानंतरच्या मुलाचंही घेतलंस. आणि त्याच्यानंतरच्या मुलीचं. तो म्हणाला, ज्यांना नको होतं ते सगळे त्या वर्षी तुझ्या मागे रांगेत उभे राहिले, आणि तू हसत होतास म्हणून कुणाला काही वाटलं नाही. "या इमारतीतला सगळ्यांत सुखी माणूस तोच, असं मी आजपर्यंत समजत होतो," एवढं बोलून तो बसला.

हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. दोन आजोबांची फुशारकी मी शंभरदा ऐकली. दुसरे आजोबा कुणाचे होते, हे नाही.

सभा सुटल्यावर त्याने तुझा पत्ता मागितला. त्याला तुला भेटायचं आहे, निदान लिहायचं आहे. वॉर्डनबाईंनीही विचारलं, तुझा अर्ज आला तर तळमजल्यावरची शांत खोली ठेवू का. दोघांनाही मी म्हटलं, विचारून सांगते. सभेच्या आदल्या दिवशी हे वाक्य सुचलं असतं तर हे पत्र निम्मंच झालं असतं.

अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात. आलास तर जिन्यात, कँटीनमध्ये लोक तुला ओळखतील, आणि सगळं माहीत असलेल्या डोळ्यांनी बघतील. ते मला आता परत घेता येत नाही. त्यांतले काही जण तुझी वाट बघत असतील, हेही तितकंच खरं. नाही आलास तर मला कारण विचारायचं नाही, ते मला ठाऊक असेल.

त्याला पत्ता देऊ का, एवढं कळव. तू सांगेपर्यंत पत्ता माझ्याकडेच राहील.

तुझी,
एकदा न विचारता बोललेली आणि आता विचारून थांबलेली,
छोटी