हिचा उंट वेगळा

जैसलमेर

तीर्थरूप आईला, लांबच्या वाळूतून पुष्पाचा दंडवत.

आमी दोघं खुशाल हाय. प्रवासात ह्यांची कंबर जरा धरली हुती, आता बरी हाय. तू घोर करू नको.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुझ्या नातीनं, पंकजानं, नागापूरच्या कंपनीतल्या पगारातून आमाला इथं धाडलं. नुसती वाळू, तरी जत्रेवानी गर्दी. लोक हौसेनं तंबूत राहत्यात, आये! मी सवयीनं पहाटेच उठून तंबूपुढचं झाडून काढलं, तर इथली माणसं हसायला लागली.

काल उंटावर बसायचं हुतं. उंटवाल्यानं आमा दोघांत एकच उंट आणला. तुला ठाऊकच हाय, ऊसतोडीला मुकादमानं जन्मभर आमा नवराबायकोचा मिळून एकच कोयता धरला, दोघांच्या कामाची उचल एकच अन् तीबी ह्यांच्याच हातात. हे उंटवाल्याला म्हणाले, "दोन आणा. हिचा उंट वेगळा."

मी एकटी बसले. भ्याले न्हाई. मागं बघितलं तर हेच उंटाला गच्च धरून बसलेले!

तुझा गुडघा कसा हाय? शेळ्यांना पाणी पुरतंय का?

यंदा मुकादम हंगामाची उचल द्यायला आला, की त्याच्याशी हे न्हाई, मी बोलणार हाय. आमचे कोयते दोन धर म्हणून.

तुझी लेक,
पुष्पावती